खालचा कप्पा

माझ्या पर्समध्ये तेव्हा दोन किल्ल्या असायच्या. एक मनीषनगरच्या घराची आणि दुसरी कॉलेजमधल्या, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाची. घराची किल्ली मी दोनदा हरवली आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली. कपाटाची किल्ली सव्वीस वर्षांत एकदाही हरवली नाही, आणि मला त्याचा भलता अभिमान होता. आता वाटतं, एकदा तरी हरवायला हवी होती बाप्पा.

त्या कपाटात शेवटच्या वर्षाच्या मुलांची जर्नलं असायची. ज्यांचा विज्ञानाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. जर्नल म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. केलेल्या प्रत्येक प्रयोगाची तिच्यात नोंद. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती, उजवीकडच्या रेघांच्या पानावर पेनानं माहिती, आणि खाली शिकवणाऱ्याची तारखेसह सही. परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक येतात ते आधी जर्नल उघडतात. सह्या नसतील तर मूल प्रयोगशाळेत आलंच नाही असं धरतात आणि परीक्षेला बसू देत नाहीत.

आता आमची पोट्टी काही साधी नाहीत. एकाचं जर्नल तपासून झालं की ते रात्रीतून पाच घरं फिरून येतं आणि पाचही जणांच्या आकृतीत पानाची तीच एक शीर वाकडी निघते. म्हणून माझा नियम होता. तपासलेलं जर्नल परत द्यायचं नाही. ते कपाटात जाणार, कपाटाला कुलूप लागणार आणि परीक्षेच्या सकाळीच ते बाहेर निघणार. काही राहिलं असेल तर ते प्रयोगशाळेत, माझ्यासमोर बसूनच काढायचं. लावायचीही माझी पद्धत होती. वेळेवर देणाऱ्यांची वरच्या कप्प्यात, मागाहून देणाऱ्यांची मधल्या, आणि रडतखडत आणणाऱ्यांची खालच्या. मुलं आपसांत म्हणायची, "आज मी खालच्या कप्प्यात गेलो बे." ते कानावर आलं की मला बरं वाटायचं. धाक राहिला पाहिजे, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवायची.

त्या वर्षी खालच्या कप्प्यात सहा जर्नलं होती, आणि त्यातलं सगळ्यात तळाचं एका मुलीचं होतं. मुलगी म्हणायची, पण वर्गातल्या इतरांपेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी. घर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. वडील माग चालवायचे. डोळ्यांना काठाचे बारीक धागे दिसेनासे झाले तेव्हा माग बसला, आणि ऐन परीक्षेच्या वर्षी हिला कॉलेज सोडून इतवारीत साडीच्या दुकानात उभं राहावं लागलं. गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या आणि ते गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. बाकीचे सगळे पेपर तिनं दुकान सांभाळून एकेक करत काढले होते. राहिलं होतं फक्त माझं प्रॅक्टिकल. विद्यापीठ पदवी पुरी करायला जितकी वर्षं देतं तितकी तिची या परीक्षेला संपत होती. या खेपेला बसली नाही तर आधीचं सगळं रद्द आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात. ती पुन्हा पहिल्या वर्षाला कुठून बसणार?

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं ते सांगते.

त्या सप्टेंबरात कॉलेजात नाल्याचा पूर शिरला. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. वीसपैकी अठरा प्रयोग तिचे पूर्ण होते, तपासलेले होते. दोन आकृत्या राहिल्या होत्या.

"मॅडम, दोन दिवस जर्नल द्या न. घरी काढून आणते."

"इथं बसून काढ."

"अकराला दुकान उघडते मॅडम. आज साड्यांच्या गाठी यायच्या हायेत, उशीर नाही चालत."

रागावले की माझी भाषा कॉलेजची राहत नाही, थेट माहेरच्या गावची होते. "काहून वं? घरी कोन काढून देनार आहे तुले?"

ती म्हणाली, "मीच काढीन मॅडम. दुसरं कोन आहे?" एवढं बोलून ती निघून गेली. मी कपाटाचं कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

त्या रात्री बम पाऊस झाला. सकाळी सहाला फोन वाजला. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर कॉलेजच्या मागच्याच वस्तीत राहतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. माझ्यापेक्षा जुने, आणि मला न घाबरणारे कॉलेजातले एकमेव.

"मॅडम, नाला कॉलेजात घुसला. येऊ नका. पानी कमरेपाशी हाय."

"भाऊ, आपलं कपाट?"

"मी मानसं पाहून राहिलो मॅडम! लोकाईले गच्चीवर चढवून राहिलो. तुमचं कपाट काय पाहू?"

त्यांनी फोन आपटला. बरोबरच होतं त्यांचं. मला लाज वाटली. तरीही मी पर्समधली किल्ली काढून हातात धरून बसले. नवरा म्हणाला, "कपाटाला कुलूप आहे ना, मग कुठं जातंय?" मी त्याच्यावरही ओरडले.

पाणी दुपारनंतर ओसरलं तेव्हा आम्ही पोहोचलो. कॉलेजचं मैदान म्हणजे काळा चिखल. वर्गातले बाक तरंगत जाऊन दारात अडकलेले, खडूंचे डबे विरघळून पांढरा रेंदा झालेला. आमच्या प्रयोगशाळेत गटाराच्या वासात फॉर्मालिनचा वास मिसळला होता. तो वास पुढे महिनाभर माझ्या साड्यांतून गेला नाही. सूक्ष्मदर्शकं भाऊंनी आदल्या संध्याकाळीच, पावसाचा रंग पाहून, ओट्यावरच्या उंच फळीवर चढवली होती. मला विचारलंही नव्हतं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असती तर त्यांनी जर्नलंही वर ठेवली असती. हे ते बोलले नाहीत, मलाच कळलं.

कुलूप उघडलं, पण दार गाळानं घट्ट बसलेलं. भाऊंनी पहारीनं ओढलं तेव्हा आतून चिखलाचं पाणी भसकन माझ्या पायांवर आलं. वरचा कप्पा कोरडा. मधला ओलसर. खालचा म्हणजे नुसता गाळ. सहाही जर्नलं एकमेकांना चिकटून त्यांचा एक ठोकळा झाला होता. मी खाली हात घातला आणि तो ठोकळा उचलून बाहेर काढला.

"मॅडम?"

ती दारात उभी होती. सलवार गुडघ्यापर्यंत मळलेली. नंदनवनात त्यांच्या भाड्याच्या खोलीतही पाणी शिरलं होतं.

"तुमचं सामान?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"सगळं माळ्यावर टाकलं मॅडम. पुस्तकं पहिले."

तिनं हे मला टोचायला म्हटलं नव्हतं. तिचा तो स्वभावच नाही. पण माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. घरी नेलं असतं तर ते जर्नल आत्ता माळ्यावर कोरडं असतं. मी तिच्यापुढे तो ठोकळा धरला. तिनं सगळ्यात खालचं जर्नल ओळखलं. पुठ्ठ्यावर तिनं निळ्या साडीच्या खोक्याचा कागद चढवला होता, त्याचा निळा रंग चिखलातही दिसत होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी गच्चीवर बैठक घेतली. खाली उभं राहायला जागा नव्हती. विद्यापीठाकडून कळलं होतं की परीक्षा ठरल्या तारखेलाच होणार. मोजून बारा दिवस हातात. प्राचार्य माणूस चांगला, पण कटकट नको असलेला. ते म्हणाले, "मॅडम, पोरांकडून नवी जर्नलं लिहून घ्या. जुन्या तारखा टाका, सह्या करा. पूर आला होता, कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"जून महिन्याची तारीख टाकून सप्टेंबरात सही मी करणार नाही. सव्वीस वर्षं पोरांना कॉपीवरून बोलले, आता मीच करू?"

"मग परीक्षकांना काय दाखवाल? चिखल?"

"हो. चिखलच दाखवीन."

सगळे हसले. मी हसले नाही. खरं सांगायचं तर नुसत्या तत्त्वाचा प्रश्न नव्हता. बाकीच्या मुलांनी लिहून काढलंही असतं. पण दिवसभर दुकानात उभं राहणारी ती, चिखल भरलेल्या खोलीत अठरा प्रयोग बारा दिवसांत पुन्हा कशी लिहिणार? आणि तिनं का लिहायचे? तिनं एकदा लिहिले होते. ते बुडाले माझ्या कुलपामुळे. तिचं जर्नल वाचवायचं, तेच, निळ्या पुठ्ठ्याचं, आणि तिला त्या परीक्षेला बसवायचं, एवढं मी गच्चीवरून उतरताना ठरवून टाकलं.

कॉलेज मात्र थांबलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सकाळी सात ते नऊ सगळ्यांनी गाळ काढायचा. रांग करून घमेली हातोहात द्यायची. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी, कुणी सुटला नाही. एरवी वर्गात मागच्या बाकावर झोपणारी पोरं इथं सगळ्यात पुढे. नऊनंतर वर्ग. खालचा मजला बंद, म्हणून सगळे वर्ग वरच्या व्हरांड्यात, एकाला पाठ लावून दुसरा. मी प्रकाशसंश्लेषण शिकवत असताना मागून इतिहासाचे सर पानिपतावर पोहोचलेले असायचे. माझी मुलं पानिपताकडे कान लावून बसायची. फळा नव्हता, म्हणून एका खोलीचं उखडलेलं दार भिंतीला टेकवून त्यावर लिहायची. वीज दोन दिवस नव्हती. एकदा पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळा व्हरांडा एकदम गप्प झाला, इतिहाससुद्धा. मग कुणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, चालू द्या! आता काय बुडायचं राहिलं?" आणि मी पुढचं वाक्य बोलले.

जर्नलांचं मात्र मी पहिल्याच दिवशी वाटोळं केलं. घाई केली. मधल्या कप्प्यातली ओलसर होती ती खिडकीच्या वाऱ्यावर ठेवली, ती वाळली. खालच्यांपैकी दोन सुटी करून गच्चीवर कडक उन्हात टाकली. पावसानंतरचं ऊन कसं असतं, चटका बसतो. संध्याकाळी पाहिलं तर त्यांच्या विटा झालेल्या. पानाला पान असं चिकटलेलं की नख शिरेना. मी हट्टानं एक पान उचकटायला गेले, तर मक्याच्या खोडाची आखीव आकृती अर्धी एका पानावर आणि अर्धी दुसऱ्यावर. ते जर्नल एका शांत मुलाचं होतं. त्यानं फक्त "जाऊ द्या मॅडम" म्हटलं. पुढे त्यानं आणि दुसऱ्या मुलानं आपापलं जर्नल नव्यानं लिहिलं, आणि मी त्यावर त्या दिवसाचीच तारीख टाकली. पण तेव्हा मी गच्चीच्या कठड्याला टेकून रडले, चिडून रडले, आणि भाऊंनी पाहिलं म्हणून त्यांच्यावरच खेकसले.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना घेऊन आली. दुकानाच्या तळघरात पाणी होतं, तोवर तिला सुट्टी होती. वडील बारीक, पांढरा सदरा, जाड चष्मा. त्यांनी वीट झालेलं जर्नल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं नाही, नुसतं बोटांनी कडेवरून चाचपलं.

"उनात टाकलं काय?"

"हो," मी म्हटलं. एरवी मला असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी वाद घातला असता.

"सुताले खळ दिल्यावर ते ओलं असतानाच मोकळं करा लागते बाई. धागा न् धागा. एकदा का वाळलं, का मंग सुटत नाही, तुटते. अन् उनात नाही, सावलीत."

मी डोक्याला हात लावला. सव्वीस वर्षं मी काय शिकवत होते? वनस्पतीचा नमुना वाळवायचा तर तो वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचा, लाकडी प्रेसमध्ये आवळायचा आणि रोज कागद बदलायचा. कागद बदलला नाही तर बुरशी, उन्हात ठेवला तर चुरा. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे ओरडून ओरडून सांगते. आणि माझ्या घरात आग लागल्यावर मी विहीरच विसरले. प्रेस कुठे होते? वरच्या मजल्यावर, कोरडे ठणठणीत, सहाच्या सहा.

"रद्दी आणा," मी व्हरांड्यात उभी राहून ओरडले. "प्रत्येकानं घरची रद्दी आणा. उद्या सकाळी. ज्याच्या घरची वाहून गेली त्यानं शेजाऱ्याची आणा."

आणि आणली हो पोरांनी. सायकलवर, डोक्यावर, एकानं तर घरच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा आणला. म्हणाला, "मॅडम, हे पन कागदच हाय न." ठेवून घेतला.

खालची चार जर्नलं उरली होती, त्यात तिचं. वडिलांनी आधी शिवण उसवली. "बांधलेलं राहिलं तं मधात ओल राहते." मग आम्ही एकेक जोडपान सुटं केलं. मी बोथट चिमटा पानाखाली सरकवायची आणि ती दोन्ही हातांनी पान उचलायची. तिची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. पातळ साडी उलगडायची सवय असलेली. ओढायची नाहीत, नुसती खालून उचलायची. पुढच्या चार दिवसांत त्या बोटांतून एकही पान फाटलं नाही. माझ्या हातून तीन फाटली. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही फक्त चिमटा धरा." सगळी मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "हो बाई, धरते."

प्रत्येक पान दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये, असा थर लावून प्रेसमध्ये आवळायचं. सकाळी साडेसातला कागद बदलायचा, दुपारी एकला पुन्हा. ओली रद्दी खाली, सुकी वर. दुकान पुन्हा सुरू झाल्यावर ती सात ते साडेदहा यायची आणि दुपारची पाळी वर्गातली इतर मुलं करायची, ज्यांची स्वतःची जर्नलं वरच्या कप्प्यात कोरडी होती तीही. कागद बदलता बदलता मी त्यांना पाठ विचारायची. आकृती समोरच असायची. "हे काय? बोल." "झायलेम, मॅडम. पाणी वर नेते ते." "मग इथं एवढं काहून पसरलंय?" "ते पुरानं पसरलं मॅडम."

सहाव्या दिवशी पानं कोरडी झाली. लाटांसारखी वाकडी, कडा तपकिरी, पण कोरडी. वडिलांनी दाभण आणि इतवारीतला पक्का दोरा आणून चारही जर्नलं शिवून दिली. चष्मा काढून ठेवला होता त्यांनी. "याले डोळे नाही लागत," म्हणाले.

मग मी तिचं जर्नल पहिल्या पानापासून पाहायला घेतलं. आकृत्या जशाच्या तशा होत्या. पेन्सिलीला पाण्यानं काही केलं नव्हतं. मजकूरही वाचता येत होता, कारण तिनं स्वस्तातल्या बॉलपेननं लिहिलं होतं. गेलं होतं फक्त एक. मला फाउंटन पेनची हौस. लाल शाईनं, लफ्फेदार सही करायची मी. त्या अठराच्या अठरा सह्या धुऊन गेल्या होत्या. जागोजागी फिकट गुलाबी डाग, बस्स. तिचं सगळं राहिलं होतं आणि माझं काहीच राहिलं नव्हतं.

मी तिला बोलावलं. "राहिलेल्या दोन आकृत्या काढ. घरी ने."

"घरी?"

"हो. घरी ने म्हटलं ना."

तिनं ते छातीशी धरून नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणलं. वाकड्या कागदावर सरळ रेघ ओढणं सोपं नाही. तिनं ओढली होती.

आता सह्या. फाउंटन पेन टेकवलं तर त्या कागदावर शाई फुटायला लागली, टीपकागदावर फुटते तशी. बॉलपेन त्या खरखरीत पानात रुतायचं, कागद टरकायचा. शेवटी मी तिच्याच कंपासपेटीतली पेन्सिल घेतली. तपासणीची तारीख मी नेहमी एका छोट्या वहीत लिहून ठेवते, ती वही घरी होती म्हणून वाचली. त्यावरून प्रत्येक प्रयोगाखाली लिहिलं: अमुक तारखेला तपासला होता, पुरात सही गेली, आज पुन्हा केली. आणि आजची तारीख. नव्या दोन आकृत्यांखाली नुसती आजची. बाकीच्या तीन जर्नलांतही तसंच केलं. पेन्सिलीची सही ग्राह्य नाही, हे मीच मुलांना दरवर्षी सांगते.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ अजून तशीच होती. परीक्षक बाई बाहेरगावच्या, माझ्याच वयाच्या, आणि दिसताक्षणी मी ओळखलं की माझ्याच स्वभावाच्या. त्यांनी एकेक जर्नल पाहिलं. पुरात बुडालेल्या सहांपैकी पहिला नंबर तिचाच होता. तिच्यापाशी आल्या, निळं जर्नल उघडलं, दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ही सही पेन्सिलीची आहे, मॅडम."

"हो."

"हे चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि सगळ्या सह्या एकाच दिवशीच्या. मी कसं मानायचं की हिनं प्रयोग वेळेवर केले?"

 ती आपल्या टेबलापाशी उभी, हातात ब्लेड आणि खोडाचा तुकडा. तिनं मान खाली घातली नाही. मला एकदम तिचं ते वाक्य आठवलं, मीच काढीन मॅडम, दुसरं कोन आहे.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत या खोलीत हे शब्द मी उच्चारले नव्हते. "हिनं जर्नल पुराच्या आदल्या दिवशी मागितलं होतं. मी दिलं नाही. वर तिच्यावर संशय घेतला. मी कपाटात, सगळ्यात खाली, कुलपात ठेवलं आणि ते बुडालं. माझ्या शाईच्या सह्या गेल्या, हिचं काम गेलं नाही. हे सगळं पहिल्या पानावर लिहून दिलं आहे. शिक्षा करायची तर मला करा, विद्यापीठाला कळवा. पण हिला बसू द्या. हिची ही शेवटची संधी आहे."

 भाऊ दारात उभे होते, ते दुसरीकडे बघायला लागले.

परीक्षक बाईंनी पहिलं पान वाचलं. सावकाश, दोनदा. मग माझी तारखांची छोटी वही मागितली, चार-पाच तारखा ताडून पाहिल्या. एका वाकड्या पानावरून बोट फिरवलं. जर्नल मिटून टेबलावर ठेवलं आणि तिला म्हणाल्या, "काप घे. बघू."

तिनं काप घेतला. इतका पातळ की काचेवर ठेवल्यावर खाली टेबलावर लिहिलेला आकडा दिसत होता. रंग दिला, धुतला, काचपट्टी लावली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या नावापुढे हजेरीची खूण केली आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.  मी मागच्या ओट्यावर जाऊन उगाच काचपट्ट्या पुसत बसले.

निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली. वडील सोबत होते. भाऊंनी दोन पेढे घेतले आणि म्हणाले, "एक कपाटाच्या वाट्याचा." कपाट तोवर गंज खरवडून, रंग देऊन पुन्हा उभं केलं होतं. मी किल्ली काढली, तिचं जर्नल आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"घे. तुझं आहे. घेऊन जा घरी."

तिनं घेतलं, पानं चाळली, माझी पेन्सिलीची एक सही अंगठ्यानं घासून पाहिली. पुसली गेली नाही. मग जर्नल पुन्हा माझ्या हातात दिलं.

"राहू द्या तुमच्यापाशीच मॅडम. नव्या पोट्ट्यांले दाखवाले कामी येईल." आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, "पन वरच्या कप्प्यात ठेवजा."